गाणे संपल्यावर गप्प बसणारे खोके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या हातातला मोबाइल या विषयावर आपल्या दैनिकात वरचेवर लिहून येते. डॉक्टर लिहितात, शिक्षक लिहितात, पालक तर लिहितातच. ते सगळे मी वाचते आणि बहुतेक पटतेही. पण लेख नेमका 'देऊ नका' इथे थांबतो. मग द्यायचे काय, आणि ते घरच्या घरी कसे तयार करायचे, हे क्वचितच छापून येते. तीन वर्षांच्या मुलाला पुन्हा पुन्हा गाणे ऐकायचे असते, गोष्ट ऐकायची असते. ही भूक चांगली आहे. ती भागवण्यासाठी पडद्याची गरज नाही, एवढेच मला सांगायचे आहे, आणि ते करून पाहिल्यावर सांगते आहे.

मी एका कॉलेजच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत सहायक होते. कॉइल, मीटर, तारा, सोल्डरिंग यांतच नोकरीची सगळी वर्षे गेली. निवृत्त झाल्यावर साडेतीन वर्षांच्या नातीसाठी मी कार्डावर चालणारा म्युझिक प्लेअर बनवला. लाकडी खोके, जाडजूड पुस्तकाएवढे. समोर जाळीमागे स्पीकर, बाजूला आवाज कमी-जास्त करायची दोन बटणे, आणि वर कार्ड ठेवायला एक उथळ खाच. पडदा नाही, दिवे नाहीत, इंटरनेट नाही. खाचेत कार्ड ठेवले की त्या कार्डाचे गाणे लागते. कार्ड उचलले की थांबते. गाणे संपले की खोके गप्प बसते.

हे गप्प बसणे मी मुद्दाम ठेवले आहे आणि माझ्या मते तोच या यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे. मोबाइलवर एक गाणे संपायच्या आत पुढचे येऊन उभे राहते. तिथे शेवट म्हणून काही नसतोच. त्यामुळे थांबवायचे काम दर वेळी आईबापांच्या अंगावर पडते, मोबाइल हातातून काढून घ्यावा लागतो आणि रडारड होते. आपण म्हणतो, मूल हट्टी झाले. पण त्याच्या हातातली वस्तू कधी थांबतच नसेल तर थांबायचे ते मूल शिकणार कुठून? खोक्यात शेवट गाण्याबरोबर येतो, कोणी हिसकावून घेत नाही. नात मग एक तर तेच कार्ड उचलून परत ठेवते, नाही तर ठोकळ्यांकडे निघून जाते. दोन्ही वेळा ठरवते ती.

तिचे ठरवणे बघण्यासारखे असते. आधी सगळी कार्डे फरशीवर पसरते. चित्रे वर येतील अशी एकेक उलटते. काहींवरून नुसते बोट फिरवून पुढे जाते, दोन बाजूला काढते, त्यातले एक परत ठेवते. हे सगळे होईपर्यंत घरात गाण्याचा सूरही नसतो, पण ती पूर्णपणे त्यातच असते. हत्तीच्या कार्डावरची सोंड आता पुसट झाली आहे, कारण ते कार्ड ती कायम त्याच कोपऱ्याला धरते. कोणत्या कार्डाला काय लागते हे आम्हाला आठवत नाही, तिला सगळे पाठ आहे. अक्षर वाचता न येणाऱ्या मुलाला स्वतःचा संग्रह असा हाताळता येतो, लावून ठेवता येतो, कुणाला तरी दाखवता येतो. मोबाइलच्या यादीत हे होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत बसून पडदा पाहणे नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको, कमी असेल तेवढे बरे, असे त्यांत म्हटले आहे. याच सूचनांत मुलांना वाचून दाखवणे, गोष्टी सांगणे यांना उत्तेजन दिले आहे. म्हणजे कानाला कुणी मनाई केलेली नाही.

आता हे चालते कसे ते सांगते, कारण त्यात माझा जीव आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर त्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. हा प्रयोग मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांसाठी मांडला आहे: एक कॉइल म्हणजे तारेचे वेटोळे, एक पट्टीचुंबक, आणि बारीक वीजप्रवाह दाखवणारा एक गॅल्व्हानोमीटर. चुंबक आत सरकवला की काटा एका बाजूला जातो, बाहेर ओढला की दुसऱ्या बाजूला. आत नेऊन स्थिर धरला की काटा शून्यावर. हे शून्य विद्यार्थ्यांना सहजी पटायचे नाही. चुंबक तर आतच आहे, मग वीज का नाही, असे ते विचारायचे. वीज चुंबकाच्या असण्याने येत नाही, बदलण्याने येते, हे एकदा कळले की मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसायचे त्यासाठी मी ती नोकरी आनंदाने केली.

नातीच्या कार्डात हाच प्रयोग चालतो. कार्डात बॅटरी नसते. पांढरे कोरे कार्ड टॉर्चच्या उजेडावर धरा, बहुतेक कार्डांत कडेने गेलेली बारीक तारेची वेटोळी आणि त्यांना जोडलेला एक ठिपका दिसेल. तो ठिपका म्हणजे चिप. खोक्याच्या झाकणाखाली कार्ड वाचणाऱ्या रीडरच्या पट्टीवर तांब्याचे असेच चौकोनी वेटोळे असते. त्यातले चुंबकीय क्षेत्र सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झने बदलत असते. कार्ड जवळ आले की त्याच्या वेटोळ्यात वीज उपजते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपल्यात लिहिलेला क्रमांक सांगते. सांगण्याची तऱ्हाही पाहा. चिप स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. ती आपल्या वेटोळ्यावरचा भार कमी-जास्त करते, आणि तो फरक रीडरला आपल्या वेटोळ्यात जाणवतो. हे बोलणे काही सेंटिमीटरपर्यंतच चालते, म्हणून खोक्यापासून थोड्या लांब पडलेली कार्डे मध्येच बोलत नाहीत. पातळ लाकूड, पुठ्ठा, प्लॅस्टिक यांतून हे क्षेत्र आरपार जाते. पत्र्याच्या डब्यातून मात्र जात नाही, कारण धातूत भोवरे-प्रवाह तयार होऊन क्षेत्र विरून जाते. जुना सुंदर पत्र्याचा डबा वापरायचा मोह होतो, तो आवरावा, किंवा निदान झाकण तरी लाकडाचे करावे.

बऱ्याच जणांना वाटते की गाणे कार्डात आहे. नेहमी मिळणाऱ्या मायफेअर क्लासिक कार्डात १ किलोबाइट जागा असते. सेकंदाला १२८ किलोबिट दर्जाच्या एमपी३ गाण्याचा एका सेकंदाचा सोळावा भागसुद्धा मोठ्या मुश्किलीने त्यात बसेल. पूर्वीच्या यंत्रांची गोष्ट वेगळी होती. फ्रान्समधल्या जाकार यांच्या मागावर १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी कापडाची नक्षी ठरायची, आणि पुढे युरोपातल्या रस्त्यांवर वाजणाऱ्या ऑर्गनमध्ये घडीच्या पुठ्ठ्यांवर भोकांच्या रूपाने अख्खे गाणेच असायचे. आमच्या कार्डात फक्त 'सात नंबरचे फोल्डर लाव' एवढा निरोप असतो. गाणी खोक्यातल्या मायक्रोएसडी कार्डावर असतात. ते ३२ गिगाबाइटचे घेतले तर वर सांगितलेल्या १२८ किलोबिट दर्जाची साडेपाचशे तासांची गाणी त्यात मावतात, म्हणजे एका बालपणाला पुरून उरतील.

नातीच्या मैत्रिणीसाठी मी असेच दुसरे खोके केले. एक दिवस नात आपले हत्तीचे कार्ड घेऊन तिच्याकडे गेली. तिथे ते खाचेत ठेवले तर हत्तीच्या गाण्याऐवजी सशाची गोष्ट लागली, कारण त्या खोक्यातल्या सात नंबरला ती आहे. दोघी बराच वेळ त्या कार्डाकडे पाहत राहिल्या. मग मैत्रिणीने आपली कार्डे आणून आमच्या खोक्यावर लावून पाहिली. कार्ड आणि गाणे या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या साडेतीन वर्षांच्या मुलींना कुणी सांगितले नाही.

सुटे भाग मोजकेच लागतात. मेंदू म्हणून अर्डुइनो नॅनो हा प्रोग्राम चढवता येणारा छोटा बोर्ड, कार्ड वाचायला आरसी५२२ रीडर, गाणे वाजवायला डीएफप्लेअर मिनी, एक मायक्रोएसडी कार्ड, ३ वॅटचा ४ किंवा ८ ओहमचा स्पीकर, दोन बटणे, एक रेझिस्टर, तारा. रीडरला आठ पिना असतात, त्यातल्या सात जोडायच्या, आयआरक्यू लिहिलेली मोकळी सोडायची. रीडरला ३.३ व्होल्टच द्यायचे. बाकी सगळे ५ व्होल्टवर चालत असल्याने हात नकळत तिकडे जातो आणि रीडर जळू शकतो. अर्डुइनोकडून डीएफप्लेअरच्या आरएक्स पिनेला जाणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घातला नाही तर स्पीकरमधून सतत बारीक खरखर येऊ शकते. मायक्रोएसडीवरच्या फोल्डरांना ०१, ०२ अशी आणि आतल्या गाण्यांना ००१, ००२ अशी नावे द्यावीत. फोल्डर ९९ पर्यंत आणि प्रत्येकात गाणी २५५ पर्यंत चालतात. नुसतीच गाणी टाकली तर ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजतात, आणि मग ताळमेळ लागत नाही.

कार्डे घेताना १३.५६ मेगाहर्ट्झची आहेत ना, हे विचारून घ्यावे. हजेरीच्या यंत्रांसाठी आणि दारांसाठी १२५ किलोहर्ट्झची कार्डेही सर्रास वापरतात. दिसायला हुबेहूब तशीच, पण हा रीडर त्यांना ओळखत नाही. बँकेचे जुने कार्ड वगैरे वापरू नये.

विजेच्या बाबतीत मी कडक आहे. गोल चपटे बटण-सेल या खोक्यात, त्याच्या रिमोटमध्ये, कुठेही नकोत. असा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेलही नकोत. चांगली पॉवर बँक घ्यावी आणि स्क्रूने बंद होणाऱ्या कप्प्यात ठेवावी. काही पॉवर बँका खोके गप्प असताना ओढला जाणारा थोडासा प्रवाह पाहून आपोआप बंद होतात, तेव्हा आधी जोडून पाहूनच घ्यावी. सोल्डरिंग मुलांपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसे असते.

आवाजाचेही तेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९ च्या मानकात कानाला लावून ऐकायच्या साधनांसाठी मुलांची मर्यादा आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल, अशी धरली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे सुरक्षित वेळ निम्मी. आमचे खोके कानाला लावायचे नाही, तरी मुले स्पीकरला कान टेकवून बसतातच. डीएफप्लेअरचा आवाज ० ते ३० पायऱ्यांत असतो. प्रोग्राममध्ये मी तो १६ वर अडवला आहे. बटण कितीही दाबले तरी त्यापुढे जात नाही. बाजारातली वस्तू घेतली तर असले निर्णय दुसऱ्या कुणी आधीच घेतलेले असतात. घरी केली की ते आपले असतात: किती मोठ्याने, किती वेळ, कार्ड उचलून परत ठेवले तर पहिल्यापासून की सोडले तिथून. गाण्याला मी पहिल्यापासून ठेवले आहे आणि लांब गोष्टीला सोडले तिथून.

तयार वस्तूंना माझा विरोध नाही. जर्मनीत २०१६ मध्ये आलेल्या 'टोनीबॉक्स'वर छोट्या बाहुल्या ठेवल्या की गोष्ट लागते, आणि मुलांना ती फार आवडते. पण त्यात नवी गोष्ट आधी इंटरनेटवरून उतरवून घ्यावी लागते. त्याच देशातल्या हौशी मंडळींनी अर्डुइनोवर चालणारा 'टोनुइनो' नावाचा खुला प्रकल्प केला, प्रोग्राम सगळ्यांसाठी मोकळा ठेवला, आणि फोल्डरचा क्रमांक कार्डातच लिहून ठेवायची पद्धत मी तिथूनच घेतली. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा 'फोनीबॉक्स'ही आहे. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. घरी केलेले खोके बिघडले तर उघडून पाहता येते, स्पीकर फाटला तर स्पीकर बदलता येतो, आणि कंपनी बंद पडली म्हणून मुलाची गाणी बंद पडत नाहीत.

दोन उपयोगांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाला जन्मापासून दिसत नाही. त्याच्यासाठी चित्रांऐवजी स्पर्शाची कार्डे केली. एकावर बारीक पॉलिश पेपर, एकावर मखमल, एकावर डिंकाने वेटोळा चिकटवलेला सुतळीचा तुकडा, एकावर नालीदार पुठ्ठा. चिप कुठल्याही बाजूने वाचली जात असल्याने सरळ-उलट्याची अडचण नाही. पहिल्या दिवशी त्याने प्रत्येक कार्ड आधी गालावर फिरवून पाहिले. त्याच्या आईचा मोबाइल काचेचा, सगळीकडे सारखाच गुळगुळीत. गाणे हवे तर कुणाला तरी हाक मारावी लागायची, नाही तर फोनशी बोलावे लागायचे आणि त्याचे बोबडे शब्द फोनला कळायचे नाहीत. आता तो कार्डांचा गठ्ठा बोटांनी चाळतो, सुतळी सापडली की थांबतो. कोणाला विचारत नाही. मी प्रयोगशाळेत पुष्कळ उपकरणे हाताळली, पण एखाद्या उपकरणाने माणसाला इतक्या लगेच मोकळे केलेले पाहिले नव्हते.

दुसरा उपयोग आवाजांचा. नातीचे वडील कामासाठी महिनोन्‌महिने दूर असतात. त्यांनी मोबाइलवर गोष्टी रेकॉर्ड करून पाठवल्या, त्या एमपी३ करून एका कार्डाला जोडल्या. मध्ये त्यांचे खोकणे आहे, 'थांब हं, पान उलटतो' आहे. मी ते कापून टाकले नाही, कारण ती नेमकी त्या जागी हसते. स्टुडिओतल्या उत्तम गाण्यांइतकीच घरची कार्डे झिजलेली आहेत. पालकांनो, तुमचा आवाज गोड आहे की नाही याचा विचार करत बसू नका. दुसऱ्यांची गाणी विकत घेतलेली असावीत, फुकट ओरबाडलेली नसावीत, एवढे पथ्य मी पाळते.

संपादक महोदय, माझी मागणी साधी आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांचे पान असते. त्यात चित्र रंगवा, फरक ओळखा असे येते, आणि ते चांगलेच आहे. पण वर्षातून दोन-चार वेळा घरातल्या मोठ्यांनी मुलांना घेऊन बनवायच्या वस्तूची पूर्ण कृती मराठीत द्यावी, आणि सुरुवात या खोक्याने करावी. या विषयावरची माहिती आज इंग्रजीत आणि जर्मनमध्ये भरपूर आहे. मराठीत ती शोधणाऱ्याची निराशा होते. हात असलेले, वेळ असलेले, घरात नातवंडे असलेले कितीतरी वाचक आपल्याकडे आहेत. कुणी इलेक्ट्रिशियन होते, कुणी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे, कुणी वर्कशॉपमध्ये होते. नॅनोवर प्रोग्राम चढवणे त्यांना नवीन असेल, पण घरातले आठवी-नववीतले मूल ते काम करून देईल, आणि सोल्डरिंग आजोबांकडून शिकेल.

वायरिंगची आकृती मी ग्राफपेपरवर काढून ठेवली आहे, तारांचे रंग लिहून. प्रोग्राममधली प्रत्येक ओळ काय करते ते शेजारी मराठीत लिहिले आहे. खोक्याची मापे, खाचेची खोली, झाकणाच्या आत रीडर कुठे बसवायचा, सगळे तयार आहे. मानधन नको. छापताना फक्त आकृती अर्ध्या पानाहून लहान करू नये, नाही तर पिनांची नावे वाचता येणार नाहीत, आणि ३.३ व्होल्टची तार लाल शाईत यावी.

कळावे,
आपली नम्र वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक